ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी : बारा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

२०१२ च्या जूनमध्ये आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम अशी एकत्रित गोळी लिहून दिली आणि पुढे मात्रा वाढत वाढत ती २०२४ पर्यंत माझ्या रोजच्या डब्यात राहिली. मधल्या काळात चार-पाच कंपन्यांची हीच गोळी मी घेतली, कारण दुकानात जी उपलब्ध असेल ती घ्यायची असा आमच्याकडे रिवाज आहे. त्यामुळे हा अभिप्राय कोणत्याही एका कंपनीविषयी नसून त्या औषधाविषयी आहे. तो लिहिण्याचे कारण म्हणजे सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत वर्षानुवर्षे ऐकू येणारे एक वाक्य : "ही गोळी स्वादुपिंड पिळून काढते, दहा वर्षांत चिपाड होते." मी पाटबंधारे खात्यात हयात घालवलेला माणूस आहे, वैद्यक शिकलेला नाही, पण जे यंत्र बारा वर्षे स्वतःच्या पोटात चालवले त्याची माहिती करून घेणे मला आवश्यक वाटले, आणि त्या वाक्यात खरे किती व खोटे किती हे शक्य तितक्या काटेकोरपणे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी वस्तूविषयी. गोळी बहुधा दोन थरांची असते. एक थर पांढरा, दुसरा रंगीत, आणि आकाराने ती इतकी लांबट की घशाखाली उतरवायला अर्धा पेला पाणी लागते. पट्टी फोडताच किंचित मासळीसारखा वास येतो. तो मेटफॉर्मिनचा असतो आणि माल खराब असल्याचे ते लक्षण नाही, हे मला तीन पट्ट्या परत केल्यानंतर समजले. मेटफॉर्मिनचा थर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेला असल्यामुळे गोळी मोडून किंवा कुटून घ्यायची नसते, आणि कधीकधी तिचे रिकामे कवच शौचातून बाहेर पडलेले दिसते. औषध मात्र तोवर शोषले गेलेले असते. किमतीबाबत तक्रारीला जागा नाही. मधुमेहाच्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांत इतके स्वस्त दुसरे क्वचितच सापडेल, आणि जनऔषधी केंद्रात तर ते आणखी कमी दरात मिळते.

या जोडीतील दोन औषधांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतावर काम करते. यकृत रात्रभर जी साखर रक्तात सोडत असते तिला ते आवर घालते आणि स्वादुपिंडाला जादा कामाला जुंपत नाही. पिळून काढण्याचा आरोप आहे तो ग्लिमेपिराइडवर, म्हणजे सल्फोनिलयुरिया या जुन्या घराण्यातील औषधावर. म्हणून पुढचे विवेचन प्रामुख्याने त्याचेच आहे.

स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचक रस तयार करण्यात गुंतलेला असतो. त्यात विखुरलेले पेशींचे लहान पुंजके १८६९ मध्ये पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात प्रथम वर्णिले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. संपूर्ण अवयवाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, साठवतात आणि रक्तातील साखर पाहून सोडतात. साखर पाहण्याची त्यांची रीत मोठी सुबक आहे. ग्लुकोज पेशीत शिरते, तिथे त्याचे ज्वलन होऊन ऊर्जेचे रेणू तयार होतात, ते वाढले की पेशीच्या भिंतीतील पोटॅशियमचा एक दरवाजा बंद होतो, त्यामुळे भिंतीवरील विद्युतभार बदलतो, कॅल्शियमचा दुसरा दरवाजा उघडतो आणि आत शिरलेले कॅल्शियम इन्सुलिनच्या साठवलेल्या पिशव्या बाहेर रिकाम्या करायला लावते. साखर कमी असेल तर पहिला दरवाजा उघडाच राहतो आणि पुढचे काहीच घडत नाही. धरणावर आम्ही जलाशयाची पातळी पाहून दरवाजे किती उचलायचे ते ठरवत असू. तीच व्यवस्था इथे एका पेशीत बसवलेली आहे.

ग्लिमेपिराइड काय करते, तर पातळी मोजणारी ही सगळी साखळी ओलांडून थेट पोटॅशियमच्या दरवाज्याला चिकटते आणि तो बंद करते. ग्लुकोज आत आले की नाही, ऊर्जा तयार झाली की नाही, याची ते विचारपूस करीत नाही. दरवाजा बंद झाला की इन्सुलिन सुटणारच. या औषधाचे गुण आणि दोष दोन्ही या एका गोष्टीतून निघतात.

हे घराणे सापडले तेही एका दोषातूनच. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जाँबाँ हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांवर एक नवे सल्फा औषध वापरून पाहत होते, तेव्हा काही रुग्णांची साखर धोकादायक रीतीने उतरली. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की हे औषध स्वादुपिंडामार्फतच काम करते. १९५० च्या दशकात टॉलब्युटामाइड बाजारात आले, नंतर ग्लिबेन्क्लामाइड, आणि १९९० च्या दशकात ग्लिमेपिराइड. म्हणजे साखर उतरण्याचे संकट हा या औषधांचा नंतर लक्षात आलेला दुष्परिणाम नसून त्यांची जन्मखूण आहे.

माझ्या अनुभवातील पहिली तीन वर्षे उत्तम गेली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा, टक्क्यांत मोजला जाणारा आकडा ८.६ वरून सहा महिन्यांत ६.७ वर आला, रात्रीचे उठणे थांबले, आणि केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्या माझ्या साडूंपेक्षा माझा आकडा चांगला आहे याचा मला थोडा गर्वही झाला. वजन मात्र तीन किलोंनी वाढले. इन्सुलिन वाढले की शरीर साखर वाया न घालवता साठवू लागते, त्यामुळे या गोळीवर वजन वाढणे हे अपेक्षितच असते. तरी ते पहिल्याच दिवशी सांगितले गेले असते तर बरे झाले असते.

गोळी जलाशयाची पातळी पाहत नाही याचा खरा अर्थ मला २०१६ मधील एका संकष्टीला समजला. उपास असला तरी गोळी चुकवायची नाही, असा माझा समज. सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, दुपारी एक केळे आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले, आणि चंद्रोदय साडेनऊच्या पुढे होता. सायंकाळी सातच्या सुमारास वर्तमानपत्रातील एकच ओळ मी चार वेळा वाचतो आहे आणि तिचा अर्थ लागत नाही, असे लक्षात आले. सदरा पाठीला चिकटला होता आणि चष्मा काढताना हात कापत होता. सूनबाईंनी ग्लुकोमीटर लावला, तर आकडा ५४. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, ८८ आला, आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरी शिकवण त्यानंतर मिळाली. पावणेनऊला आकडा पुन्हा ६१ वर आला होता, कारण साखर पिऊन झाली तरी गोळीचा अंमल संपलेला नव्हता. तो जवळजवळ चोवीस तास टिकतो. त्या रात्री चंद्र उगवण्याआधीच बाप्पाचा मोदक माझ्या पोटात गेला. घरातील कोणी त्यावर शब्दही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, "अहो, तुम्ही महिन्याला उपास करता हे मला कधी सांगितलंत?" मी सांगितले नव्हते हे खरे, आणि चार वर्षांत त्यांनी विचारलेही नव्हते. ज्या प्रदेशात संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र आणि रोजे पाळणारी माणसे घरोघरी आहेत तिथे हा प्रश्न औषध लिहून देण्यापूर्वी विचारला जावा, इतकीच माझी अपेक्षा आहे.

आता मूळ आरोपाकडे येतो. २०१५ मध्ये माझी मात्रा २ मिलिग्रॅम झाली, २०१९ मध्ये तीच दिवसातून दोनदा, आणि तरीही २०२३ मध्ये सरासरी साखरेचा आकडा ८.१ वर गेला. मंडळींच्या मते हा चिपाड झाल्याचा ढळढळीत पुरावा होता. परंतु गोळी घेतली आणि पेशी थकल्या, एवढ्यावरून गोळीमुळे पेशी थकल्या असे सिद्ध होत नाही. ती घेतली नसती तर काय झाले असते हेही पाहावे लागते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत हेच पाहिले गेले. तिच्यात ५,१०२ नवे रुग्ण होते. निदानाच्या दिवशीच त्यांच्या बीटा पेशींची क्षमता सरासरी निम्म्यावर आलेली होती, म्हणजे घसरण गोळीच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती. पुढे सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांची क्षमता पहिल्या वर्षी चांगली वर गेली आणि मग दरवर्षी उतरत राहिली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची तशीच उतरली, आणि नुसत्या पथ्यावर असलेल्यांचीही उतरली. हा उतार कोणी तयार केला असे विचारले तर उत्तर आजार असेच द्यावे लागते.

एवढ्यावर गोळीला निर्दोष ठरवून मोकळे व्हावे, असेही नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे ४,३०० रुग्णांना तीनपैकी एकच औषध देऊन पाच वर्षांत किती जणांवर ते अपुरे पडते हे मोजण्यात आले. रोझिग्लिटाझोन १५ टक्के लोकांत अपुरे पडले, मेटफॉर्मिन २१ टक्के लोकांत, आणि ग्लिमेपिराइडच्याच घराण्यातील ग्लिबेन्क्लामाइड ३४ टक्के लोकांत. त्यातील सर्वांत टिकाऊ ठरलेले रोझिग्लिटाझोन हृदयावरील परिणामांच्या शंकेमुळे २०१० मध्ये भारतात बंद झाले, हा या विषयातील उपरोध. प्रयोगशाळेत मानवी बेटे काचेच्या बशीत ठेवून त्यांवर ही औषधे सोडली असता बीटा पेशींच्या मृत्यूचे प्रमाण वाढल्याचेही दिसले आहे. पण बशीतील चार दिवस आणि शरीरातील बारा वर्षे यांत फरक असतो, आणि माणसाच्या पोटात तसेच घडते हे त्यातून सिद्ध होत नाही. माझा निष्कर्ष असा की ही गोळी पेशींना मारते असे म्हणण्यास भक्कम आधार नाही, पण ती त्यांना वाचवते असे म्हणण्यास तर मुळीच नाही. सुरुवातीचा सुंदर आकडा ही उरलेल्या पेशींनी केलेली जादा पाळी असते, आणि तो आकडा पाहून आपण आजार थांबला असे समजतो. माझे तसेच झाले. ६.७ पाहून मी चालणे सोडले होते.

पेशी थकतात म्हणजे नेमके काय होते, याविषयी एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. सर्वच पेशी मरत नाहीत. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांत दाखवले की दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या काही बीटा पेशी जिवंत राहूनही आपले कामच विसरतात आणि इन्सुलिन तयार करणे सोडून देतात. सतत चढलेली साखर स्वतःच या पेशींना मारक ठरते. त्यामुळे साखर खाली ठेवणारे कोणतेही औषध त्यांना काही प्रमाणात उसंत देते, आणि या हिशेबात ग्लिमेपिराइडचाही जमेचा रकाना रिकामा राहत नाही. ब्रिटनमध्येच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के लोकांची साखर, केवळ कडक आहाराने वजन उतरवल्यावर, एक वर्षानंतर औषधांविना ताब्यात होती. मला ही माहिती निदानानंतर अकराव्या वर्षी मिळाली.

आपल्याकडील रुग्णांविषयी एक वेगळी बाब सांगायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासातून भारतीय बाळ वजनाने कमी पण तुलनेने चरबीने जास्त जन्मते हे पुढे आले, आणि तरुण वयात मधुमेह झालेल्या भारतीय रुग्णांत इन्सुलिनची मूळचीच तूट असलेल्यांचा गट सर्वांत मोठा असल्याचेही त्यांच्या सहभागाने झालेल्या संशोधनात दिसले. ज्याच्या कोठारात पहिल्यापासून धान्य कमी, त्याला कोठाराचे दार सताड उघडून देणारे औषध किती वर्षे पुरेल, हा विचार आपल्याकडे अधिक गांभीर्याने व्हायला हवा.

२०२४ च्या फेब्रुवारीत नव्या डॉक्टरांनी माझी सी-पेप्टाइड ही चाचणी करवून घेतली. बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात तेव्हा प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक तुकडा सुटा होतो, त्यामुळे तो मोजला की स्वतःचे इन्सुलिन किती तयार होते याचा अंदाज येतो. माझा उपाशीपोटीचा आकडा १.४ आला. कागदावर छापलेली मर्यादा १.१ ते ४.४ असल्याने मी खूश झालो, पण डॉक्टरांनी शेजारचा साखरेचा आकडा दाखवला. तो १४२ होता. एवढी साखर समोर असताना पेशींनी याहून बरेच जास्त इन्सुलिन सोडायला हवे होते. थोडक्यात, पेशी संपलेल्या नव्हत्या आणि पुरेशाही नव्हत्या.

त्यानंतर ग्लिमेपिराइड दोन टप्प्यांत बंद झाले, मेटफॉर्मिन राहिले, आणि व्हिल्डाग्लिप्टिन व डापाग्लिफ्लोझिन आले. दोन्हींची पेटंटे अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये संपल्यामुळे ती आता सामान्य पेन्शनरालाही परवडतात. डापाग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे काढून टाकते आणि स्वादुपिंडाला हात लावत नाही. व्हिल्डाग्लिप्टिन मात्र बीटा पेशींवरच काम करते, पण रीत निराळी : जेवल्यानंतर आतड्यातून सुटणारे एक संप्रेरक पेशींना सावध करते आणि एरवी दोन-तीन मिनिटांत नष्ट होते, त्याचे आयुष्य हे औषध वाढवते. तो निरोप साखर चढलेली असतानाच मानला जातो, म्हणून एकट्या या औषधाने साखर घसरण्याचा धोका फार कमी.

नवे म्हणून व्हिल्डाग्लिप्टिन पेशी जतन करते असेही कोणी समजू नये. उंदरांत या गटातील औषधांनी बीटा पेशींची संख्या वाढलेली दिसली होती, आणि त्यावर बरीच वर्षे मोठमोठी भाषणे झाली. प्रौढ माणसात तसे घडल्याचे दिसलेले नाही. २०१९ च्या एका चाचणीत निदान होताच मेटफॉर्मिनसोबत व्हिल्डाग्लिप्टिन सुरू केलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांवर तो उपचार पाच वर्षांत अपुरा पडला, तर नुसत्या मेटफॉर्मिनने सुरुवात केलेल्यांपैकी ६२.१ टक्क्यांवर. हा फायदा खरा आहे, पण लवकर सुरू करणाऱ्यांचा आहे. माझ्यासारख्या बाराव्या वर्षी आलेल्याचा नव्हे. उलट २०२२ मध्ये आलेल्या अमेरिकेतील तुलनेत मेटफॉर्मिनला जोड म्हणून दिलेले ग्लिमेपिराइड आणि व्हिल्डाग्लिप्टिनच्याच गटातील सिटाग्लिप्टिन यांत टिकाऊपणाच्या बाबतीत ग्लिमेपिराइड काकणभर सरसच ठरले, आणि साखर गंभीररीत्या घसरण्यात मात्र तेच सर्वांत पुढे होते. चिपाडाच्या सिद्धान्ताला हा आकडा अडचणीचा आहे, हे मी आमच्या मंडळींना सांगून पाहिले. त्यांनी विषय पावसाकडे वळवला.

याच काळात "बीटा पेशी पुन्हा उगवतात" अशी जाहिरात करणारी एक चूर्णाची बरणी नातेवाइकांनी आणून दिली. तीन महिने घेतली, पैसे गेले, आकडा हलला नाही. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

ग्लिमेपिराइडच्या घराण्याविषयी न्यायाने बोलायचे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होणाऱ्या काही बाळांत पोटॅशियमचा तो दरवाजाच जनुकीय दोषामुळे उघडा अडकलेला असतो. पेशी असतात, इन्सुलिन असते, पण ते सुटत नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधील एक्सिटरच्या संशोधकांनी अशा ४९ रुग्णांना सल्फोनिलयुरिया दिले आणि त्यांतील ४४ जणांचे इन्सुलिनचे इंजेक्शन पूर्ण थांबले. माझ्या बाबतीत जे औषध पातळी न पाहता दरवाजा ओढणारे ठरले तेच त्या मुलांसाठी अडकलेल्या दरवाज्याची नेमकी किल्ली होते.

गुणांकन करायचेच तर किमतीला पाचपैकी पाच, पहिल्या तीन वर्षांतील परिणामाला चार, दीर्घकाळ टिकण्याला दोन, आणि उपास करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या किंवा मूत्रपिंड कमजोर झालेल्या वृद्धांच्या सुरक्षिततेला एक. ज्यांना ही गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून ती परस्पर बंद करू नये. साखर अनियंत्रित चढू देणे बीटा पेशींना गोळीपेक्षा नक्कीच महाग पडते. मात्र उपासाचे दिवस, जेवणाच्या वेळा आणि कधी घाम येऊन थरथरले असेल तर ती वेळ हे सर्व कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे, आणि सी-पेप्टाइड करण्याची गरज आहे का हे विचारावे.

उत्पादकांसाठी एक तक्रार उरते. या गोळीच्या पट्टीवरील मजकूर इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत असतो की भिंग घेऊनही वाचवत नाही, आणि उपाशीपोटी घेतल्यास काय होईल याचा मराठीत एक शब्द मला बारा वर्षांत कुठल्याही पट्टीवर दिसला नाही. शिवाय दुकानदार पट्टी कापून सहा-सात गोळ्या देतो तेव्हा मुदतीची तारीख छापलेला तुकडा बहुधा त्याच्याच खणात राहतो. मी आता पूर्ण पट्टी घेतो आणि तिच्या पाठीवर जाड पेनाने "जेवण असेल तरच" असे लिहितो. गोळी बदलली तरी ती सवय गेलेली नाही.